टोपाचा रंग

आमच्या घरात बोलणं कोंकणी आणि लिहिणं-वाचणं मराठी, त्यामुळे शब्दांची ओढाताण आम्हांला नवी नाही. तरी एका रंगाच्या नावावरून घर चार दिवस हसत बसेल असं वाटलं नव्हतं. रात्री जेवताना मी सहज म्हटलं, की हॉलला यंदा टोप रंग द्यावा म्हणते, गडद टोप. सासूबाईंनी आधी भाताच्या टोपाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “खंयच्या टोपाचो गो?” “करपिल्ल्या,” नवरा ताटातून मान वर न करता म्हणाला.

त्याचं अगदीच चुकलं नव्हतं. शब्द फ्रेंच. जमिनीखाली बिळं करून राहणारा मोल नावाचा एक छोटा प्राणी तिकडे असतो, त्याला ते टोप म्हणतात आणि त्याच्या मऊ अंगाचा जो रंग तोही टोप. तपकिरीत राख कालवावी तसा, राखाडी म्हणावं तर उबदार, तपकिरी म्हणावं तर विझलेला. आपल्या भागात तो प्राणी नाही आणि त्या रंगाला नेमका शब्दही नाही, पण त्या रंगाच्या वस्तू मात्र परसात पावलोपावली पडलेल्या: वाळत आलेलं नारळाचं सोडण, जुन्या घोंगडीची कड, सुपारीची गळून पडलेली पोय. मी ‘मातकट’ म्हणून पाहिलं तर लेकीने नाक मुरडलं. शेवटी टोपच राहिला. पुढे रंगाऱ्यानेही तोच उचलला. सकाळी आला की विचारायचा, “बाय, आज टोप मारू ना?”

आमचं घर गोव्यात, फोंड्यापासून चार-पाच किलोमीटरवरच्या एका वाड्यावर. सासऱ्यांनी १९८६ साली बांधलेलं. चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या भिंती, त्यावर सिमेंटचा गिलावा, पुढच्या हॉलवर स्लॅब, मागे स्वयंपाकघर आणि कोठी कौलारू. जमीन तांबड्या ऑक्साइडची, जुन्या मेस्त्रीने घोटून घोटून केलेली, अजून आरशासारखी. हॉल १४ बाय १६ फुटांचा, उंची १०. पश्चिमेला मोठी खिडकी आहे, पण खिडकीला लागून फणस आणि त्याच्या पलीकडे माड. भर दुपारी बारा वाजताही पेपर वाचायला ट्यूब लावावी लागते. फणस तोडायचा विषय घरात निघत नाही. सासऱ्यांच्या हातचा आहे.

वीस वर्षं आम्ही त्या काळोखाशी पांढऱ्या रंगाने भांडलो. आधी आयव्हरी, मग त्याहून पांढरा, मग ज्याच्या डब्यावर ‘उजळ’ वगैरे लिहिलेलं होतं तो. आता मी हायस्कुलात चित्रकला शिकवते, पणजीत आल्तिनोवरच्या कला महाविद्यालयात शिकलेली बाई. पांढरा रंग स्वतः उजेड तयार करत नाही, आलेला परत फेकतो, एवढं मुलांना सांगणारीने आपल्या घरात तरी ओळखायला हवं होतं. उजेडच येत नाही तिथे तो फेकणार काय? आमचा पांढरा हॉल कधी पांढरा दिसलाच नाही. धुतलेल्या पण न वाळलेल्या चादरीसारखा दिसायचा. त्यात ऑगस्ट आला की पश्चिमेच्या भिंतीवर बुरशीचे काळे ठिपके. दरवर्षी ब्लीचिंगच्या पाण्याने पुसायचे, दरवर्षी ते परत.

माझं माहेर डिचोलीचं, तिथे पांढऱ्या भिंतीची वेगळी गंमत होती. खाणी जोरात चालू असतानाची ती वर्षं. २०१२ साली त्या बंद पडल्या तोवर रस्त्याने दिवसभर लोहखनिजाचे ट्रक. चवथीआधी चुना काढलेली भिंत डिसेंबरपर्यंत आपोआप गुलाबी व्हायची, मेमध्ये वीटकरी. आजी म्हणायची, सरकारने फुकटात रंग दिला. ती तांबडी झाक मला कधी घाण वाटली नाही, हे मला या रंगाच्या खटाटोपात फार उशिरा आठवलं.

तर, दिवाळीनंतर शेड कार्ड आणलं. दुकानातलं ते पंख्यासारखं उघडणारं जाडजूड पुस्तक एका रात्रीपुरतं मागून आणलं खरं तर. त्यात टोपच्या घराण्यातले रंग मोजले तर पंचवीसच्या वर. पट्टीच्या मागे एक आकडा असतो, त्याकडे कुणी बघत नाही. रंगावर पडलेल्या उजेडापैकी किती परत येतो तो हा आकडा, काळ्याला शून्य आणि शुभ्राला १०० धरून. आमचा जुना आयव्हरी ऐंशीच्या घरात होता. मी निवडलेले तिन्ही वीसच्या खाली. नवऱ्याने तो आकडा वाचला आणि पंखा मिटला. म्हणाला, “एकच भिंत कर. टीव्हीमागची.”

एक भिंत गडद आणि तीन पांढऱ्या हा प्रकार मला हॉटेलच्या रिसेप्शनसारखा वाटतो. शिवाय आमच्या खोलीत त्या तीन पांढऱ्या भिंतींचंच दुखणं होतं. सासूबाईंचा मुद्दा जास्त सरळ होता: “काळोखांत आनीक काळोख कित्याक?” नणंद पणजीहून फोनवर म्हणाली, की गोव्यातलं घर म्हणजे कसं पिवळं, निळं, तांबडं हवं, फोंताइन्हासच्या जुन्या वस्तीतून एक चक्कर मार म्हणजे कळेल. ते सगळे रंग घराच्या बाहेरच्या अंगाला असतात, आणि बाहेर ऊन असतं, हे तिला सांगून उपयोग नव्हता. मला माझं म्हणणं दाखवायचं होतं, आणि त्यासाठी नमुने करणं भाग होतं.

पहिली चूक मी लगेच केली. एक लिटरचा सर्वांत लहान डबा आणला आणि सरळ पांढऱ्या भिंतीवर वीतभर चौकोन मारला. चौकोन डांबरासारखा काळा दिसला. शेजारच्या रंगामुळे रंग बदलून दिसतो ही गोष्ट शेव्रल नावाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८३९ साली सविस्तर लिहून ठेवली आहे. पॅरिसच्या गोबलँ कारखान्यात विणकरांची तक्रार होती की काळा धागा नीट रंगत नाही. तो पाहायला गेला आणि त्याला दिसलं की दोष रंगात नव्हता, शेजारच्या धाग्यात होता. नववीच्या मुलांना मी हे दरवर्षी सांगते. भिंतीवरचा चौकोन खरवडला आणि ड्रॉइंगच्या दोन पूर्ण शीटना कडेपासून कडेपर्यंत रंग लावून त्या चिकटवल्या. एक खिडकीजवळ, एक आतल्या कोपऱ्यात. मग दिवसभर येता-जाता बघायचं.

सकाळी तो रंग सुरेख होता. कॉफीत दूध कमी पडल्यासारखा. दुपारी त्यात फणस उतरला. म्हणजे खिडकीतून येणारा उजेड पानांतून गाळून येतो, हिरवा होऊन येतो, आणि भिंतीवर पडला की राखाडीला शेवाळी कळा येते. पांढऱ्या भिंतीवर हे आजवर लक्षातच आलं नव्हतं. संध्याकाळी ट्यूब लावली आणि शेवाळ गेलं, वांगं आलं. चक्क जांभळं. लेक म्हणाली, “आई, भरली वांगी.” एकाच कागदाचे दिवसात तीन रंग.

दुसरा नमुना पिवळसर अंगाचा होता, तो दुपारी फणसाला सामील होऊन पार शेणाच्या वळणावर गेला. (शेणाचा रंग वाईट असतो असं माझं मत नाही. डिचोलीच्या घरात आजी बॅटरीतले संपलेले सेल फोडून त्यांची काळी पूड शेणात कालवायची आणि त्याने ओसरी सारवायची. ती वाळली की जो काळसर करडा रंग यायचा त्याची सर कशाला नाही. पण भिंतीवर, चारही बाजूंनी, नको.)

मग मी शाळेची पेटी काढली. अंबर मातीचे दोन रंग असतात, रॉ आणि बर्न्ट. कच्चा अंबर जरा हिरवट, भाजलेला अंबर तांबूस. पांढऱ्यात दोन्ही वेगवेगळे मिसळून, किंचित काळा घालून कागदावर पट्टे ओढले आणि दुपारी एक वाजता खिडकीशी धरले. कच्च्या अंबरचा पट्टा शेवाळला, भाजलेल्याचा जागेवर राहिला. फणसाच्या हिरव्याला उतारा म्हणून रंगाच्या पोटात थोडं तांबडं हवं होतं, एवढीच ती गोष्ट. तो पट्टा घेऊन दुकानात गेले. काउंटरवरच्या मुलाला म्हटलं, तुझ्या मशीनच्या पडद्यावर प्रत्येक शेडचं मिश्रण दिसतं ना, ज्यात तांबडा ऑक्साइड जास्त पडतो असा टोप शोध. त्याने आधी माझ्याकडे पाहिलं, मग उत्सुकतेने स्टूल ओढून बसलाच. काळा, पिवळा ऑक्साइड, तांबडा ऑक्साइड, या तिघांचीच कमीजास्त भेसळ सगळीकडे. शेवटी एक शेड मिळाली, आकडा १७.

आणि तिथे उभी असताना माझ्या डोक्यात आलं, की हा तांबडा ऑक्साइड म्हणजे लोखंडाचा गंज. आमची जमीन ज्याने घोटली तोही तोच. चिरा तांबडा दिसतो तोही त्यातल्या लोखंडामुळेच, आणि डिचोलीच्या भिंती ज्याने रंगायच्या तोही. मी एवढे दिवस कार्डात जे शोधत होते ते पायाखाली होतं. घरी येऊन तिसरी शीट जमिनीलगत टेकवून ठेवली तर खालून जमिनीची तांबूस धग तिच्यावर चढली होती.

नवरा तिसऱ्या दिवशी शीटसमोर चहा पीत उभा होता. म्हणाला, “चारी भिंती का?” म्हटलं, हो. “बरं.”

आता रंगारी लगेच बोलवायचा तर मधे पश्चिमेची भिंत होती. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि वारा नेमका त्याच अंगाने येतो. चिरा सच्छिद्र, पाणी पितो. जमिनीपासून दोन फुटांपर्यंत लोणा लागलेला, हात फिरवला की पांढरी भुकटी. ही भुकटी पांढऱ्या भिंतीवर खपून जाते, गडद भिंतीवर मिठाच्या गोणीसारखी दिसेल. हात लावून भिंत कोरडी वाटत होती, पण रंगाऱ्याने एक साधी युक्ती सांगितली. प्लास्टिकचा पारदर्शक हातभर तुकडा चारही बाजूंनी टेपने भिंतीला घट्ट चिकटवायचा आणि दोन दिवस ठेवायचा. आतल्या अंगाला दव धरलं तर ओल भिंतीतून येतेय. बाहेरच्या अंगाला धरलं तर ती हवेतली. नोव्हेंबरअखेर आमच्या तुकड्याच्या आत थेंब ओघळत होते.

बाहेर जाऊन पाहिलं तर पन्हळ एका ठिकाणी वाकलेली, तिच्यातून पडणारी धार अंगणात आपटून भिंतीवर उडायची. त्या पट्ट्यात गिलाव्याला केसासारख्या भेगा. पन्हळ सरळ केली, भेगा भरून घेतल्या, भिंतीलगतची माती टोपलीने ओढून उतार बाहेर केला. आतला लोणा लागलेला गिलावा चिऱ्यापर्यंत खरवडून नवा केला आणि वाळायला सोडला. रंगारी म्हणाला, दोन आठवड्यांनी येतो. मी म्हटलं, जानेवारीच्या शेवटी ये. त्या दोन महिन्यांत आलेल्या प्रत्येक पाहुण्याने विचारलं, काय, पैसे संपले का? जानेवारीत तुकडा परत लावला, कोरडा निघाला.

दारं-खिडक्यांवर जुना ऑइल पेंट होता, निदान तीन थर. तो कोरडा घासायला मी नकार दिला. घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत ९०) जास्त नको हा नियम आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे. आमचे खालचे थर त्याच्या कितीतरी आधीचे, त्यांत काय आहे देव जाणे. पाणी लावून ओल्या पॉलिश पेपरने घासून घेतलं, भुसा उडू दिला नाही, चिखल फडक्यात गोळा केला. रंगाऱ्याला हा नसता उद्योग वाटला आणि तो तसं म्हणालाही.

त्याला खरा राग आला तो टॉर्चचा. पुट्टीचे दोन हात झाले, घासून झालं, भिंत कशी लोण्यासारखी दिसत होती. रात्री मी मोबाइलचा टॉर्च भिंतीला टेकवून आडवा धरला, आणि लोण्यात खड्डे दिसले. पट्टीचे ओरखडे, जुन्या खिळ्याभोवतीची फुगवटी, खिडकीखाली तर बशीएवढा खळगा. गडद रंग हे लपवत नाही, उलट बोट दाखवतो, कारण उजेड कमी असला की तिरप्या उजेडात तेवढी सावलीच दिसते. मी पेन्सिलीने गोल काढले. सत्तेचाळीस. सकाळी आल्यावर तो भिंतीकडे बघून म्हणाला, “बाय, तुम्ही शाळेत पेपर पण असेच तपासता?” दोन दिवस जास्तीचे गेले. त्या दिवसांत चहा मी दोन वेळांऐवजी चार वेळा दिला.

इथे माझ्याकडून एक राहून गेलं. प्रायमर पांढराच मारला. गडद रंगाखाली प्रायमरमध्ये थोडा राखाडी मिसळून घ्यायचा असतो हे मला नंतर कळलं. गडद शेडचा डबा ज्या बेसमधून, म्हणजे शेड मिसळण्याआधीच्या मूळ रंगातून बनतो त्यात झाकणारा पांढरा टायटॅनियम कमी घालतात, नाही तर रंग गडद होणारच नाही. त्यामुळे तो भिंत चटकन झाकत नाही. पहिला हात मारला तेव्हा मी शाळेत होते, घरी येऊन पाहिलं तर चारी भिंतींवर कुणीतरी पातळ चिकोरी ओतलेली. रोलरच्या फटकाऱ्यांमधून पांढरं डोकावतंय, कोपऱ्यांत ब्रशचे गडद पट्टे. सासूबाई देवघराच्या दारात उभ्या होत्या, काही बोलत नव्हत्या, आणि त्यांचं न बोलणं मला समजतं. त्यातून हा रंग ओला असताना दुधाळ आणि वाळल्यावर गडद, म्हणजे जिथे वाळला तिथे एक, जिथे ओला तिथे दुसरा. त्या रात्री मी झोपले नाही म्हटलं तरी चालेल.

दुसऱ्या हाताने भिंत भरली, पण पूर्ण नाही. तिसरा हवाच होता. दुकानदाराने हिशेब दोन हातांचा करून चार लिटरचा डबा दिला होता, आणि तो संपत आला होता. रंगाऱ्याने तळात उरलेला घेऊन उत्तरेच्या भिंतीवर तिसरा हात सुरू केला. अर्ध्या भिंतीवर डबा संपला. मी धावत जाऊन त्याच नंबरचे एकेक लिटरचे तीन डबे मशीनवर बनवून आणले, त्याने पहिला फोडून उरलेली अर्धी भिंत मारली. वाळल्यावर मधोमध उभी रेघ. डावीकडे माझा टोप, उजवीकडे त्याचा चुलतभाऊ. नंबर एकच, मिश्रण एकच, पण छोट्या डब्यात रंगाचा एखादा थेंब कमीजास्त पडला की एवढा फरक पडतो. दुकानातला मुलगा म्हणाला, फरक नाहीच. वेगवेगळ्या खोल्यांत लावला असता तर खरंच नसता दिसला.

उपाय रंगाऱ्याकडेच होता. उरलेले सगळे डबे एका बालदीत ओतले, काठीने दहा मिनिटं ढवळले, आणि तिसरा हात चारही भिंतींना त्या एकाच बालदीतून. भिंत सुरू केली की कोपऱ्यापर्यंत नेऊनच थांबायचं, मध्ये जेवायलाही उठायचं नाही. हे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं असं मी म्हटलं. तो म्हणाला, पहिल्याच दिवशी सांगितलं असतं तर तुम्ही सात लिटर घेतला असता का? नसता घेतला. उरलेला पाव लिटर मी मुरंब्याच्या काचेच्या बरणीत काढून ठेवला, पत्र्याचा डबा इथल्या पावसात कडेने गंजतो आणि गंज रंगात उतरतो. बरणीवर शेडचा नंबर, बेसचं नाव, तारीख. चार दिवसांचं काम नऊ दिवस चाललं.

टेप सोलून काढला तेव्हा पहिल्यांदा नजरेत काय भरलं असेल तर पांढरे स्विचबोर्ड. वीस वर्षं कुणाला दिसले नव्हते, आता दात विचकून हसत होते. एक, दोन, पाच, शिवाय वायरची पांढरी पट्टी छतापर्यंत. बोर्डांच्या चौकटी बदलून काळसर घेतल्या, पट्टीवर भिंतीचाच रंग मारला. छताचं मी आधी ठरवलं होतं: शुभ्र ठेवायचं नाही, शुभ्रात एक चमचा टोप टाकावा तसा फिकट रंग दिला. नाही तर छत झाकणासारखं दिसलं असतं, आणि टोपावर झाकण हा विनोद मला घरात ऐकायचा नव्हता.

दिवे मात्र खर्चाचे ठरले. ट्यूब लावली की वांगं अजून यायचंच, जरा कमी, पण यायचं. ६५०० केल्विनचा तो निळसर उजेड टोपातली ऊब मारून टाकतो. ट्यूब काढली आणि २७०० केल्विनचे चार पिवळट दिवे वेगवेगळ्या उंचीवर लावले. घेताना खोक्यावर सीआरआय (दिव्याखाली रंग किती खरे दिसतात तो आकडा) ९० लिहिलेले शोधले, स्वस्त पिवळ्या दिव्यांत तांबडा रंग मेल्यासारखा दिसतो. सासूबाईंना पोथी वाचायला त्यांच्या खुर्चीशी वेगळा दिवा दिला. पहिल्या संध्याकाळी दिवे लागले तेव्हा भिंती मागे सरकल्यासारख्या झाल्या. कोपरे दिसेनासे झाले आणि खोली मोठी वाटली. समई, पितळेचा जुना हंडा, कुणबी चौकडीच्या तांबड्या उशा, या वस्तू काल होत्या तिथेच होत्या, पण आज कुणीतरी पुढे आणून ठेवल्या होत्या. दिवसाही आता ट्यूबची आठवण येत नाही. काळोख आहे तो आहेच, पण आता तो मुद्दाम ठेवल्यासारखा दिसतो, आणि खिडकीतला फणस चौकटीत लावल्यासारखा.

गैरसोयीही आहेत, त्या सांगितल्याच पाहिजेत. पालीची विष्ठा पांढऱ्या भिंतीवर काळी दिसायची, आता तिचं पांढरं टोक दिसतं. मॅट रंगावर दप्तर घासलं की पांढरट फराटा उठतो आणि जोरात पुसलं तर तेवढीच जागा चकाकते. आणि वाळवी! जूनमध्ये खिडकीच्या चौकटीतून वाळवीने मातीची रेघ वर नेली, तब्बल तीन फूट, आणि आम्हां कुणाला दिसली नाही, कारण तिची माती आणि माझा रंग सख्खी भावंडं. लेकीने भिंतीला हात टेकला तेव्हा भिंत हलली. आता महिन्यातून एकदा टॉर्च आडवा धरून चारी भिंतींची तपासणी असते. नवरा त्याला मंथली टेस्ट म्हणतो.

पावसाने मात्र दगा दिला नाही. पश्चिमेच्या भिंतीबाहेर यंदा विणलेल्या चुडतांची झापंही बांधली होती. ऑगस्टमध्ये कपाटामागे हातभर बुरशी आली, ती हवेच्या ओलीची. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढलं तशी थांबली. बाकी भिंत स्वच्छ.

चवथीला गणपती बसतो तो उत्तरेच्या भिंतीशी. दरवर्षी आम्ही मागे मखर, मागे साटिनचा पडदा, भिंतीचे डाग झाकायला काय काय करायचो. यंदा पडदा लावलाच नाही. गणपतीच्या डोक्यावर फळं-पानं टांगायची ती माटोळी बांधून झाली: सुपारीची शिपटी, केळीचा घड, तवशी, चिबूड, निरफणस, आणि मधोमध कवंडळं, ती शेंदरी फळं. मागची भिंत टोप. समया लावल्या तशी ती फळं हवेत लोंबकळलेल्या निखाऱ्यांसारखी दिसायला लागली. पणजीहून आलेली नणंद फोटो काढत सुटली. सासूबाई दूर्वा निवडत होत्या. एकदा वर पाहून म्हणाल्या, “गणपती बरो उठून दिसता.” आणि परत दूर्वा निवडायला लागल्या.

विसर्जनानंतर माटोळी उतरवताना एक असोला नारळ सुटला आणि भिंतीला घासत खाली आला. वीतभर ओरखडा. मी बरणी काढली, छोट्या ब्रशने तेवढाच भाग भरला. रंग तोच, बालदीतलाच, पण रोलरच्या भिंतीवर ब्रशचं ठिगळ. रंगाऱ्याला फोन केला तर म्हणाला, गडद भिंतीला ठिगळ लागत नाही, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत अख्खी मारावी लागेल, येऊ? म्हटलं, राहू दे. एरवी ते दिसतही नाही. डिसेंबर लागला तसा सूर्य खाली आला, आणि साडेचारच्या सुमाराला ऊन फणसाच्या फांदीखालून थेट आत शिरतं, उत्तरेच्या भिंतीवर तिरपं लोळतं. तेव्हा ते ठिगळ दिसतं, नारळाच्या आकाराचं. मी त्या वेळी शाळेतून येऊन चहा घेत बसलेली असते. पाचला ऊन सरकतं, आणि ते जातं.